मालिकेची कादंबरी कशी होते

नाशिकच्या गंगापूर रोडने शहराबाहेर निघाले की आनंदवल्ली लागते. गावाचे मूळ नाव चौंधस. अठराव्या शतकात राघोबादादांनी इथे गोदाकाठी वाडा बांधला आणि गावाला पत्नी आनंदीबाईंचे नाव दिले. आज या बाजूला नव्या इमारती आहेत, लॉन्स आहेत, द्राक्षमळ्यांकडे निघालेल्या गाड्यांची वर्दळ आहे. ज्यांच्यामुळे हे नाव पडले ते नवरा-बायको मराठी घराघरांत पोहोचले ते मात्र गॅझेटियरमधून नव्हे. आधी रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ ही कादंबरी आली, १९६२ साली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. मग १९८०च्या दशकात गजानन जागीरदारांनी तिची दूरदर्शनसाठी मालिका केली. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देवांची रमाबाई त्या पिढीच्या डोळ्यांसमोर कायमची बसली.

मराठी मालिकांचा बराचसा मोलाचा इतिहास याच क्रमाने घडला आहे: पुस्तक आधी, पडदा नंतर. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात अवतरले, तेव्हा जोशींना जाऊन दशकाहून अधिक काळ लोटला होता. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, सुमती क्षेत्रमाडे यांची ‘महाश्वेता’, प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून निघालेले ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’, रमाबाई रानडे यांच्या आठवणींवर उभी राहिलेली ‘उंच माझा झोका’, नारायण धारपांची ‘ग्रहण’. ही यादी आणखी कितीतरी लांबवता येईल.

उलट्या दिशेची यादी करायला बसावे तर हात थांबतो. आधी मालिका लिहिली गेली, लोकांनी ती पाहिली, आणि मग तिच्या भागांवरून कादंबरी तयार झाली, असे मराठीत क्वचितच होते. इंग्रजीत अशा पुस्तकांना ‘टाय-इन’ म्हणतात आणि पुस्तकांच्या दुकानात त्यांच्यासाठी वेगळी फळी असते. या पुस्तकांना हलके समजण्याची रीत जगभर आहे. त्यांत भरताड पुष्कळ असते, हे खरेच. पण त्यांच्यामागचे काम हलके नाही, आणि काही वेळा तर एखादी मालिका पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली ती केवळ या पुस्तकांच्या जोरावर.

या प्रकाराचा उगम दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधीचा आहे. १९१२ साली अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने ‘व्हॉट हॅपन्ड टू मेरी’ ही महिन्याला एक भाग अशी चित्रमालिका काढली. तिची कथा ‘लेडीज वर्ल्ड’ या मासिकात बरोबरीने छापली जात होती. वाचक थिएटरात जात आणि प्रेक्षक मासिक विकत घेत. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला आणि त्यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. बोलपट आल्यावर आपल्याकडेही थिएटरच्या दारात गाण्यांची पुस्तिका मिळू लागली. तिच्यात कथेचा गोषवारा असे, आणि ऐन रंगात आलेली गोष्ट ‘पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा’ अशा थाटात अर्ध्यावर सोडलेली असे. म्हणजे पडद्यावरची गोष्ट छापून वाचकाच्या हातात देण्याची कल्पना आपल्याला परकी नव्हती. ती त्या चार पानांच्या पुढे सरकली नाही, एवढेच.

ती पुढे सरकली तर काय होऊ शकते, हे बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ने दाखवले. ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी तिचा स्टोरी एडिटर डेव्हिड व्हिटेकर याने टेरी नेशनने लिहिलेल्या एका कथेची कादंबरी केली. त्याने घेतलेले दोन निर्णय आजही अभ्यासण्याजोगे आहेत. पहिला असा, की सगळी गोष्ट त्याने इयान चेस्टरटन या शिक्षकाच्या तोंडी घातली. पडद्यावर कॅमेरा सगळ्यांकडे सारखाच पाहतो. पुस्तकात वाचकाला एका माणसाच्या भीतीतून आणि कुतूहलातून परका ग्रह दिसू लागला. दुसरा निर्णय अधिक धाडसी होता. मालिकेत ही कथा दुसऱ्या क्रमांकाची होती, पण वाचकाने पहिली पाहिली असेलच असे नाही. तेव्हा व्हिटेकरने पात्रांच्या भेटीचा प्रसंगच नव्याने रचला. बार्न्स कॉमनवरचे दाट धुके आणि गाडीचा अपघात यांतून पुस्तक सुरू होते. पडद्यावर असे काही घडलेच नव्हते.

१९७३ पासून टार्गेट या प्रकाशनाने या मालिकेच्या पुस्तकांचा धडाका लावला. टेरन्स डिक्स हा त्यातला सर्वांत कष्टाळू हात. तो मालिकेचा स्क्रिप्ट एडिटर होता, त्यामुळे कागदावरचे संवाद आणि पडद्यावर प्रत्यक्ष उतरलेले दृश्य यांतले अंतर त्याला ठाऊक होते. त्याने साठांहून अधिक पुस्तके लिहिली. ती साध्या वाक्यांची आणि छोट्या प्रकरणांची होती, शाळकरी मुलगा दोन दिवसांत संपवील इतक्या बेताची. ब्रिटनमधल्या अनेक लेखकांनी आपल्याला वाचनाची गोडी लागली ती या पुस्तकांमुळे, असे पुढे सांगितले आहे.

या पुस्तकांना आणखी एक मोल पुढे आले. त्या काळात व्हिडिओ टेप महाग होती आणि जुना भाग पुन्हा दाखवण्याची शक्यता कमी, म्हणून बीबीसीने सुरुवातीच्या वर्षांतल्या कितीतरी टेपा पुसल्या. ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग आजही हरवलेले आहेत. प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलेले आवाज, काही छायाचित्रे आणि ही पातळ पुस्तके, एवढ्यावर त्या कथा जिवंत राहिल्या. टेपा पुन्हा वापरण्याची काटकसर आपल्या दूरदर्शनलाही चुकली नव्हती. ‘चिमणराव’चे आज मोजकेच भाग पाहायला मिळतात. चिमणरावांच्या मागे चिं. वि. जोशींची पुस्तके भक्कम उभी आहेत म्हणून ते टिकले. ज्या मालिका थेट पडद्यासाठीच लिहिल्या गेल्या, त्यांच्यामागे असे कोणी उभे नाही.

अमेरिकेत हेच काम जेम्स ब्लिश या विज्ञानकथाकाराने केले. १९६७ पासून त्याने ‘स्टार ट्रेक’च्या भागांच्या कथा लिहायला घेतल्या, एकेका पुस्तकात सात-आठ भाग. त्याच्या हातात बहुधा स्क्रिप्टचे आधीचे खर्डे असत. चित्रीकरणाच्या वेळी त्यात बदल होत, ते त्याच्यापर्यंत येत नसत. म्हणून त्याच्या सुरुवातीच्या कथा पडद्यावरच्या भागांशी अनेक ठिकाणी जुळत नाहीत. चाहत्यांनी कुरकूर केली, तरी पुस्तके खपत राहिली. मालिका १९६९ मध्ये बंद पडली, ब्लिश १९७५ मध्ये वारला, आणि मालिकेचे उरलेले भाग त्याची पत्नी जे. ए. लॉरेन्स हिने पूर्ण केले. मालिका बंद असलेल्या वर्षांत तिचा वाचक आणि प्रेक्षक टिकवण्याचे काम पुनःप्रक्षेपणाइतकेच या पुस्तकांनीही केले.

त्याच मालिकेच्या कार्टून आवृत्तीची पुस्तके ॲलन डीन फॉस्टरकडे आली, आणि त्याची अडचण वेगळी होती. प्रत्येक भाग जेमतेम बावीस मिनिटांचा. पहिल्या सहा पुस्तकांत त्याने तीन-तीन भाग एकत्र गुंफले. शेवटच्या चार पुस्तकांसाठी मात्र एकेकच भाग हाताशी होता. बावीस मिनिटांच्या गोष्टीची आख्खी कादंबरी करायची, म्हणजे पात्रांचा भूतकाळ, नवे प्रवास, नवी संकटे हे सगळे स्वतःच्या डोक्यातून काढायचे. फॉस्टरने ते केले. मूळ भाग त्या कादंबऱ्यांचा पाया ठरला आणि वरची इमारत त्याची स्वतःची.

बावीस मिनिटे हा आकडा मराठी प्रेक्षकालाही ओळखीचा आहे. जाहिराती वगळल्या तर आपल्या दैनंदिन मालिकेचा भाग साधारण तेवढाच भरतो. पण इथे हिशेब उलटा होतो. फॉस्टरपुढे एक भाग होता. मराठी कादंबरीकारापुढे पाचशे असतील. पाचशे भाग म्हणजे सुमारे १८३ तासांची गोष्ट. ईटीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले; तो हिशेब हजार तासांच्या पुढे जातो. तेव्हा मराठीत या कामाचे खरे कसब वाढवण्यात नसून गाळण्यात आहे, आणि परदेशी पुस्तके पाहून ते शिकता येणार नाही.

गाळायचे काय? आदल्या दिवशीची उजळणी तर पहिल्या फटक्यात जाते. एकाच वाक्यावर सहा जणांचे चेहरे आळीपाळीने दाखवणारे क्षण जातात. मग अवघड गोष्टी सुरू होतात. आपली मालिका पंचांगाबरोबर चालते: प्रेक्षकाच्या घरी गुढी उभी राहते त्या आठवड्यात मालिकेतही उभी राहते, वटपौर्णिमेला नायिका वडाला फेऱ्या घालते, दिवाळीत सगळे घर किल्ल्यापुढे जमते. पाहताना हे छान वाटते. पुस्तकात तीन दिवाळ्या लागोपाठ आल्या तर वाचक पाने उलटत सुटेल. कादंबरीकाराने त्यांतली एकच ठेवावी, जिच्यात कोणाचे तरी आयुष्य फिरले. लग्नाचेही तसेच. पडद्यावर महिनाभर चाललेले लग्न पुस्तकात पाच पानांत उरकले तरी चालते, पण त्या महिन्यात नवरीच्या मनात काय उलथापालथ झाली ते त्या पाच पानांत आलेच पाहिजे.

मालिकेच्या जगात ‘ट्रॅक’, म्हणजे उपकथानके, असतात. टीआरपी घसरला की चालू ट्रॅक आवरून नवा सुरू होतो. एखादी आत्या परदेशी जाते ती परत येत नाही. एखादे गुपित सहा महिने फुगवले जाते आणि मग त्याचा विषयच निघत नाही. कलाकार सोडून जातो आणि सोमवारी त्याच नावाचा दुसरा चेहरा दारात उभा राहतो. रोज भाग द्यायचा, ‘बँक’ म्हणून पुढचे चार-पाच भाग तयार ठेवायचे, या रेट्यात हे होणारच. त्यात लेखकाला दोष देण्यात अर्थ नाही. कादंबरी करणाऱ्याला मात्र शेवट माहीत असतो. सुटलेली टोके त्याला मागे जाऊन बांधता येतात. आत्या का गेली, हे त्याला पहिल्याच प्रकरणात पेरता येते. मूळ लेखकाला जी सवड कधी मिळाली नाही, ती या दुसऱ्या लेखनात मिळते.

एक उदाहरण घेऊन पाहू. झी मराठीवर २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ आली. कोकणातल्या नाईकांच्या घरात कर्त्या पुरुषाचा, अण्णांचा, मृत्यू होतो. मुले घरी जमतात आणि घरातली जुनी भुते, खरी आणि मनातली, जागी होतात. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीत झाले आणि तो वाडा पाहायला लोकांची रीघ लागली. २०१९ मध्ये दुसरे पर्व आले ते काळात मागे जाणारे. माधव अभ्यंकरांनी रंगवलेले जिवंत अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता लोकांनी डोक्यावर घेतली. आता या दोन पर्वांची कादंबरी करायची झाली तर सुरुवात कुठून करावी? काळाच्या क्रमाने जावे तर दुसरे पर्व आधी येईल, आणि अण्णांच्या मरणाचे गूढ उलगडूनच पुस्तक सुरू होईल. पडद्याच्या क्रमाने जावे तर पुस्तकाच्या मध्यावर वाचकाला वीस-तीस वर्षे मागे ढकलावे लागेल. तिसरी वाट म्हणजे दोन्ही काळ एकाआड एक प्रकरणांत विणायचे: वर्तमानात वाड्यातली एखादी बंद खोली, पुढच्या प्रकरणात त्या खोलीचा भूतकाळ. कादंबरीला ही तिसरी वाट सर्वांत मानवेल. रोज एक भाग पाहणाऱ्या प्रेक्षकाला ती झेपली नसती. हातात पुस्तक असलेला वाचक दोन पाने मागे जाऊन पाहू शकतो.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्या मालिकेतला मालवणी ठेका अर्ध्याहून अधिक काम करतो. संवाद मालवणीत ठेवायचे हे उघड आहे, पण निवेदन कोणत्या मराठीत? प्रमाण मराठीत लिहिले तर निवेदक मुंबईहून आलेल्या पाहुण्यासारखा वाड्याच्या पडवीत उभा राहतो. घरातल्याच एखाद्या माणसाला सांगणारा केले, तर सगळे पुस्तक मालवणी गंधाचे होते. मात्र ती बोली लेखकाच्या कानात मुरलेली हवी. व्हिटेकरने इयानला बोलते केले तो निर्णय इथे अधिक जोखमीचा होतो, आणि जमला तर अधिक फळ देणारा.

हिंदीत याची एक चांगली वाट पडलेली आहे. राही मासूम रझा यांनी दूरदर्शनसाठी ‘नीम का पेड़’ लिहिली. १९९१ मध्ये ती दाखवली गेली आणि पंकज कपूर यांनी त्यात बुधई राम साकारला. रझा १९९२ मध्ये गेले. त्यांच्या मागे काही वर्षांनी त्या लेखनाची कादंबरी राजकमल प्रकाशनाने काढली. जमीनदारी, निवडणुका आणि एका गरीब बापाची स्वप्ने यांना साक्षी असलेले कडुलिंबाचे झाड ही त्या गोष्टीची मध्यवर्ती कल्पना. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’चे संवादही रझांचेच, आणि तिथे गोष्ट सांगायला ‘समय’ उभा आहे. कोण सांगतो आहे, हे आधी ठरवणाऱ्या लेखकाची मालिका पुस्तकात नेणे सोपे जाते. तो प्रश्न कादंबरीत टळत नाही, आणि त्याने तो पडद्यासाठी लिहितानाच सोडवलेला असतो.

मराठीतही प्रक्षेपणातून छापील पानावर आलेल्या कृती अगदीच नाहीत असे नाही. सर्वांत मोठी कृती कादंबरी नाही, पण तिचा दाखला इथे द्यायलाच हवा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाले. छप्पन्न गीते. वृत्तपत्रे शब्द छापत, लोक कात्रणे जपून ठेवत. १९५७ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने त्याचे पुस्तक काढले. ऐकून झालेली गोष्ट पुन्हा हातात हवी, ही मराठी माणसाची ओढ तिथे स्पष्ट दिसली.

दुसरे उदाहरण मुलांचे आहे. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आधी आकाशवाणीसाठी लिहिला गेला, पुढे पुस्तकांच्या रूपाने मुलांच्या दप्तरात गेला, आणि २००९ मध्ये त्याच्यावर चित्रपट आला. इथे प्रक्षेपणासाठी लिहिणारा आणि पुस्तक लिहिणारा माणूस एकच होता, आणि असे असले की पुस्तक मूळ कृतीचे उष्टे वाटत नाही. इंग्लंडमध्ये जॉन मॉर्टिमरने ‘रम्पोल ऑफ द बेली’ या आपल्याच मालिकेच्या कथा १९७८ पासून स्वतः लिहिल्या, आणि आज वाचक त्या कथा मालिकेशिवायही वाचतात. ‘मर्डर, शी रोट’ची गोष्ट तर आणखी पुढची: मालिका १९९६ मध्ये संपली, पण १९८९ पासून डोनाल्ड बेनने तिच्या नायिकेवर सुरू केलेली कादंबरीमाला चाळीसच्या पुढे गेली. मुखपृष्ठावर बेनच्या नावाबरोबर लेखिका म्हणून नायिकेचेही नाव असते, जणू ती खरीच आहे.

नाशिकला या दोन्ही काठांची माणसे लाभली आहेत. एचपीटी महाविद्यालयात शिकवणारे वसंत कानेटकर ‘घर’, ‘पंख’, ‘पोरका’ या कादंबऱ्या लिहून मग १९५७ मध्ये ‘वेड्याचे घर उन्हात’ घेऊन रंगभूमीकडे वळले. त्यांच्या ‘अश्रूंची झाली फुले’वरून हिंदी चित्रपट निघाला. कुसुमाग्रजांनी तर तरुणपणी नाशिकच्याच गोदावरी सिनेटोनसाठी ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. कादंबरी, नाटक आणि कविता या तिन्ही अंगांनी लिहिणाऱ्या या माणसाला पडद्यासाठी लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. त्यांच्या प्रतिष्ठानने १९९१ मध्ये पहिला जनस्थान पुरस्कार दिला तो विजय तेंडुलकरांना. तेंडुलकरांनी नाटके लिहिली, ‘सामना’, ‘निशांत’ आणि ‘अर्धसत्य’ यांच्या पटकथा लिहिल्या आणि उतारवयात कादंबऱ्याही.

मग मराठीत अडते कुठे? मोठी अडचण हक्कांची आहे. मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन नावे बहुतेकदा तीन वेगळ्या माणसांची असतात, आणि तिघांनीही आपले लेखन करारात निर्मात्याकडे किंवा वाहिनीकडे दिलेले असते. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात रूपांतराची व्याख्या करताना नाट्यकृतीचे नाट्येतर कृतीत रूपांतर स्वतंत्रपणे नोंदवलेले आहे. म्हणजे हा हक्क कायद्याला माहीत आहे. करार करताना तो बाजूला काढून मागायची सवय मात्र मराठी लेखकांना लागलेली नाही. दुसरी अडचण प्रकाशकांची. हजार प्रतींची आवृत्ती काढतानाही त्यांना विचार करावा लागतो, आणि मालिकेचा प्रेक्षक वाचक नसतो असे त्यांनी गृहीत धरले आहे. ‘स्वामी’ आणि ‘महाश्वेता’ यांच्या वाचकांनीच त्या मालिका पाहिल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

म्हणून मालिका लिहिणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी कराव्यात. भागांचे आराखडे आणि संवादांची अंतिम प्रत, जी सेटवर खरोखर बोलली गेली ती, स्वतःकडे जपून ठेवावी. पुढच्या करारात छापील रूपांतराचा हक्क वेगळा मागावा. आणि मालिका संपल्यावर, ती लोकांच्या जिभेवर असेपर्यंत, निदान पहिली तीस पाने लिहून काढावीत. गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकात या कामाची एखादी कार्यशाळा भरली, पटकथाकार, कादंबरीकार आणि प्रकाशक एका टेबलाशी बसले, तर सुरुवात नाशिकमधूनच होऊ शकेल. १८४० पासून चालत आलेल्या इथल्या सार्वजनिक वाचनालयात अशा पुस्तकांचे एक कपाट असावे, आणि ते मागण्याचा हक्क वाचकांनीही बजावावा.